सावे मॅडमचं बाक

सावे मॅडम कुठलीही वस्तू हातात देत नसत, फेकत. खडू, किल्ल्या, शिट्टी, चिकू, एकदा तर परीक्षा विभागाचा शिक्का. वस्तू हातातून सुटली की मग म्हणायच्या, "धरा." चहाचा कप तेवढा अपवाद होता, आणि तोही, मला वाटतं, कप कॉलेजच्या मालकीचे होते म्हणून.

आमची पहिली भेट अशीच झाली. डहाणूच्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथपाल म्हणून नुकताच रुजू झालो होतो. दारात एक ठेंगणी, पन्नाशी ओलांडलेली बाई येऊन उभी राहिली. अंगात ट्रॅकसूट, अंबाड्यात अबोलीची वेणी. पुढच्याच क्षणी एक जाडजूड रहस्यकथा हवेतून माझ्याकडे आली. ग्रंथालयात पुस्तकं फेकू नयेत अशी पाटी तिथे नव्हती, कारण तशी पाटी लावावी असं तोवर कुणाला वाटलं नव्हतं. मी पुस्तक छातीशी धरलं. बाईंनी मला नखशिखान्त न्याहाळलं.

"हात बरे आहेत. पाय लाकडाचे आहेत, पण हात बरे आहेत. उंची किती तुमची, सर?"

मी उंची सांगितली, आणि तिथेच फसलो. पुढच्या आठवड्यात मुलींच्या बास्केटबॉल संघाचा व्यवस्थापक म्हणून माझ्या नावाचं पत्र निघालं. या खेळातलं मला काही कळत नाही, असं मी प्राचार्यांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "संघाला तरी कुठे कळतंय?"

मॅडम रहस्यकथा भरपूर वाचायच्या, पण शेवटचं पान आधी. खुनी कोण ते कळलं की मग निवांतपणे पहिल्या पानावर यायच्या. "मला टेन्शन झेपत नाही हो," असं त्यांचं म्हणणं. ज्या बाईला टेन्शन झेपत नाही तिनं जन्मभर खेळ शिकवण्याची नोकरी का केली, हे मला कधी कळलं नाही. फ्री थ्रो असला की त्या बास्केटकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि माझ्या चेहऱ्यावरून निकाल वाचायच्या. "गेला?" त्या विचारायच्या. "गेला," मी म्हणायचो. पण कुठे गेला, हे दर वेळी वेगळं सांगावं लागायचं.

बहुतेक वेळा तो बाहेर गेलेला असायचा. आमचा संघ हरायचा. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्या फेरीत हरून दुपारच्या एसटीनं परत येणं हा आमचा शिरस्ताच होता. इतर कॉलेजं वेळापत्रकात समोर आमचं नाव पाहून खूश व्हायची. मॅडमच्या सबंध नोकरीत मुलींच्या संघानं पहिली फेरी ओलांडलेली नव्हती, आणि मी सांगतोय ते त्यांच्या नोकरीतलं शेवटचं वर्ष होतं. हे त्यांनी एकदाच बोलून दाखवलं, ग्रंथालयात, आवाज खाली आणून. एरवी त्या ग्रंथालयातही मैदानासारख्याच बोलायच्या.

"सर, चषकबिषक मला नको. एक मॅच. एक मॅच जिंकून घरी जायचंय. नाहीतर लोक विचारतील, एवढी वर्षं करत काय होतीस? तर सांगायचं काय, शिट्टी वाजवत होते?"

हरण्याला कारणं होती. आमचं कोर्ट म्हणजे सिमेंटचा चौथरा, आणि कॉलेजच्या लेखी ती मांडव घालायची जागा. प्रत्येक समारंभाला मांडववाला बांबूंसाठी त्यात नवी भोकं पाडायचा. पाहुणे भाषण करून जायचे, भोकं राहायची. मुली त्यांना पाहुण्यांच्या हुद्द्यानं ओळखायच्या. "कुलगुरूंवरून जाऊ नको गो, बॉल वळतो," असं कप्तान निकिता ओरडायची.

दुसरी अडचण भाषेची. संघात मराठी, गुजराती, वारली, मांगेली आणि या सगळ्यांची मिळून होणारी हिंदी चालायची. हिंदीतलं 'दायें' म्हणजे उजवीकडे आणि मराठीतलं 'डावे' म्हणजे डावीकडे. धावताना दोन्ही सारखेच ऐकू येतात. कुणी तो शब्द ओरडलं की अर्धा संघ एकीकडे, अर्धा दुसरीकडे आणि मधल्या मोकळ्या जागेतून प्रतिस्पर्धी. शेवटी मॅडमनी डावं-उजवं बंदच केलं. 'दर्याकडे' आणि 'डोंगराकडे', बस्स. आमच्याकडे कुणालाही झोपेतून उठवून विचारा, दर्या कुठल्या अंगाला ते सांगता येतं. पद्धत छान चालली. मग एकदा सामना पडला दूर वसईकडे, बंद हॉलमध्ये. चारी बाजूंना भिंती, वर पत्रा. ऐन सामन्यात निकिता बॉल काखेत मारून पंचांकडे गेली आणि म्हणाली, "सर, दर्या कुठे?" पंचांना वाटलं, थट्टा करतेय. त्यांनी आम्हाला ताकीद दिली.

त्या शेवटच्या वर्षी प्राचार्यांनी संघाच्या अधोगतीकडे लक्ष द्यायचं ठरवलं, म्हणजे समिती नेमली. तिचं नाव 'क्रीडा-गुणवत्ता मूल्यमापन समिती'. अध्यक्ष ते स्वतः, निमंत्रक मॅडम, आणि अहवाल टाइप करायचा असल्यामुळे सदस्य-सचिव मी. पहिल्या बैठकीत आम्ही तिघांनी एकमेकांचं गुलाबपुष्प देऊन स्वागत केलं. मग प्राचार्यांनी भिंतीवर एक रंगीत त्रिकोण दाखवला आणि प्रत्येक खेळाडूची बलस्थानं आणि उणिवा सांगायला मॅडमना फर्मावलं.

"हेतल," मॅडम म्हणाल्या. स्टेशनजवळच्या कापडवाल्यांची ही मुलगी. "बलस्थान, बूट. उणीव, ते खराब होतील ही काळजी."

"पुढे?"

"कैनाडच्या जुळ्या, सुषमा आणि रेश्मा. पास उत्तम. पण फक्त एकमेकींना. घरचा बॉल बाहेर जाऊ देत नाहीत."

"कप्तान?"

"निकिता. वाढवणची. बंदराच्या विरोधात मोर्चा निघाला की सगळ्यांत पुढे हीच. पोलिसांना हटत नाही. आणि मॅचमध्ये समोरून एखादी धिप्पाड पोरगी आली की म्हणते, 'जाऊ दे गो, लागंल तिला.'"

प्राचार्य लिहून घेत होते. "आणि ती तलासरीकडची? उंच?"

"रमीला," मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. "रमीला खेळते."

"आणि बाकीच्या?"

"बाकीच्या बाकावर."

त्यांनी एका वाक्यात संघाचा निकाल लावला होता. आमच्याकडे एक खेळाडू होती, आणि तिच्याभोवती गर्दी.

रमीला धोडी तलासरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेत शिकली आणि डहाणूला मुलींच्या वसतिगृहात राहायला आली. निवडीच्या दिवशी मॅडमनी रिवाजाप्रमाणे ओळीतल्या प्रत्येकीकडे एकेक चिकू फेकला. कुणी ओरडलं, कुणी बाजूला झालं, हेतलनं बूट मागे घेतले. रमीलानं तो एका हातात धरला, ओढणीला पुसला आणि खाल्ला.

"ही घेतली," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी नवीन मुलीला नेहमी विचारायच्या ते विचारलं, "काही त्रास आहे का गो? दमा, फिट, हाड मोडलेलं?"

"नाय मॅडम. माझं पिवळं कार्ड हाय, तेवढंच."

"मग ते ऑफिसात दाखव. फी माफ होते."

रमीला जरा घुटमळली, आणि मग "बरं" म्हणाली. आमच्या भागात पिवळं कार्ड म्हणजे रेशनचं, गरिबाघरचं. निम्म्या वसतिगृहाचं पिवळंच होतं. त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

पहिले काही आठवडे रमीला हरणासारखी धावली. मग तिचा एक दोष दिसायला लागला. सलग पळायला लावलं की ती मध्येच थांबायची, खाली बसायची. "पाय दुकतात मॅडम." मॅडम तिची पोटरी चाचपून पाहायच्या. पायात गोळा आला तर पोटरी दगडासारखी लागते, हे त्यांना हजार वेळा पाहून ठाऊक. रमीलाची पोटरी मऊ असायची. "काही नाही झालेलं. आळस आहे. पळ," त्या म्हणायच्या. निकिता मागून टोमणा मारायची, "राणीसायबांना खुर्ची आणा गो!" रमीला उठायची आणि पळायची. पळू शकत होती तोवर पळायची.

ऑक्टोबरच्या एका दुपारी, दर्यावरचा वारासुद्धा पडलेला असताना, मॅडमनी सगळ्यांना कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा पळवलं. रमीला आधी मागे पडली, मग वाकली, मग गुडघ्यांवर आली. "ऊठ बाय, नाटकं नकोत," मॅडम ओरडल्या. रमीला आडवी झाली. तिचा श्वास भात्यासारखा चालला होता आणि ओठांचा रंग चांगला नव्हता. मॅडम धावत गेल्या, पोटरी दाबली. मऊ. मांडी दाबली. तीही मऊ. "पाय हायेत का माझे?" रमीलानं विचारलं. त्यानंतर मॅडम शिट्टी फेकून ज्या आवाजात ओरडल्या, तो आवाज मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकला नाही.

प्राचार्यांची गाडी फाटकाशी उभी होती. आशागडला कसल्याशा उद्घाटनाला ते निघाले होते, आणि मागच्या सीटवर शाल आणि पुष्पगुच्छ आधीच बसलेले होते. मॅडमनी एक शब्द न विचारता मुलीला मागे निजवलं. प्राचार्य पुढे बसले, गुच्छ मांडीवर घेऊन. दवाखान्यापर्यंत ते सारखे ड्रायव्हरला "हॉर्न वाजव, हॉर्न वाजव," म्हणत होते. उतरल्यावरही गुच्छ त्यांच्या हातातच होता, आणि ऑक्सिजन लावेपर्यंत तो खाली ठेवायचं त्यांना सुचलं नाही. त्या दिवसापासून त्यांच्याविषयी वाईट बोलताना मी थोडा हात राखून बोलतो.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. सलाईन चालू करता करता तिनं रमीलाला विचारलं, "कार्ड कुठलं?"

"पिवळं," रमीला म्हणाली.

"अहो, रेशनचं काय काढताय आत्ता?" मॅडमचा तोल सुटला. "पैशांचं मी बघते. तुम्ही आधी तिला..."

डॉक्टरनं मान वर केली. "रेशनचं नाही मॅडम. सिकलसेलचं. शाळेत तपासणी होते तेव्हा देतात. लाल म्हणजे आजार आहे, पिवळं म्हणजे वाहक. तुम्हाला तिनं सांगितलं नव्हतं?"

"सांगलं होतं," रमीला छताकडे बघत म्हणाली. "आश्रमशाळेत रगत तपासायला ताई आलेल्या. त्या बोललेल्या, कुणी विचारलं का सांगायचं. मी पयल्याच दिवशी सांगलं."

मॅडम पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी रमीलाचा पाय हातात धरला आणि डॉक्टरांचं बोलणं संपेपर्यंत सोडला नाही. डॉक्टरनं समजावून सांगितलं. वाहक माणूस एरवी धडधाकट असतो, खेळतोसुद्धा. पण उन्हात, पाण्यावाचून, सलग जिवाच्या आकांतानं पळवलं तर त्याच्या रक्तातल्या पेशी आकार बदलतात, आणि स्नायूंना रक्त पोचत नाही. तेव्हा पोटरी कडक होत नाही, मऊच राहते, आणि दुखतं मात्र भयंकर. "ती थांबली म्हणून वाचली. तशीच पळत राहिली असती तर..." डॉक्टर एवढंच म्हणाली. "खेळू नको असं मी सांगणार नाही. थोडं खेळायचं, थांबायचं, पाणी प्यायचं. पाय दुखला की त्या क्षणी बाहेर."

रमीला बरी झाली. तिची आई पाड्यावरून आली, तिला मॅडमनी सगळं नीट सांगितलं आणि विचारलं, खेळू द्यायचं का? आईनं मुलीकडे पाहिलं, मग मॅडमकडे. "तिला खेळायचं हाय. तुमी बघा."

या 'तुमी बघा'नं मॅडमची झोप गेली. त्या ग्रंथालयात येऊन सिकलसेलवर जे काही होतं ते घेऊन गेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत घेऊन आल्या. "तुमच्या या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर नुसती सूची आहे हो, सर." त्या थट्टा करत नव्हत्या. पुस्तक त्यांनी पहिल्यांदाच माझ्या हातात दिलं.

त्यानंतर त्यांनी संघाची फेरमांडणी केली. कोर्टाच्या दूरच्या कोपऱ्यात, गुलमोहराखाली आमचं एक लाकडी बाक होतं. निवडल्या न गेलेल्या मुली तिथे बसून मोबाइल बघायच्या. ते बाक मॅडमनी उचलून आणून कोर्टाच्या कडेला ठेवलं आणि शेजारी पाण्याचा माठ. नवा नियम एकच होता. कुणीही सलग फार वेळ खेळायचं नाही. थोडं खेळायचं, बाकावर यायचं, पाणी प्यायचं, पुन्हा जायचं. सगळ्यांनी. हेतलनं, जुळ्यांनी, निकितानंसुद्धा. बास्केटबॉलमध्ये कितीही वेळा खेळाडू बदलता येतात. फक्त त्यासाठी शिट्टी होऊन खेळ थांबावा लागतो. बॉल चालू असताना कुणाला बाहेर काढता येत नाही.

नियम सगळ्यांना लावला होता तो एकीसाठी, हे सगळ्यांना कळत होतं, आणि त्या एकीला तर सगळ्यांत जास्त. "माझ्यामुळं समद्यांना बशवता," रमीला म्हणायची. "तुला एकटीला बसवलं तर तू बसशील का?" मॅडम विचारायच्या. त्यावर ती उठून माठाकडे जायची.

प्राचार्य एकदा सराव पाहायला आले आणि म्हणाले, "मॅडम, एवढ्या बदल्या? लोकांना वाटेल, आपल्याकडे खेळाडूच नाहीत."

"नाहीतच सर. म्हणून तर सगळ्या खेळतात."

गंमत अशी की संघ सुधारला. बाकावरच्या मुलींना खेळायला मिळू लागलं तशा त्या खेळू लागल्या. जुळ्या बहिणी एका वेळी बाकावर नसायच्या. एक आत, एक बाहेर. त्यामुळे आतलीला नाइलाजानं परक्या मुलींना पास द्यावे लागले. पण मॅडमचं या सुधारणेकडे लक्षच नव्हतं. त्या फक्त रमीलाचे पाय बघायच्या. रविवारी मला फोन करायच्या, "वसतिगृहात विचारलं, ताप नाही म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?" मला काय वाटणार? मला बास्केटबॉलमधलं कळत नव्हतं, रक्तातलं तर त्याहून नाही. पण रविवारी मीही आता फोन जवळ घेऊन बसायचो.

त्या वर्षी आमच्या गटाचे सामने तलासरीला होते. हिवाळ्याचे दिवस, पण दुपारचं ऊन सिमेंटवरून वर येत होतं. समोर आदल्या वर्षी आम्हाला धुऊन काढणारं कॉलेज. रमीलाच्या पाड्यावरची माणसं टेम्पो करून आली होती. म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. त्यांना नियम ठाऊक नव्हते. रमीलाच्या हातात बॉल आला की ओरडायचं, एवढं त्यांनी आपसांत ठरवलं होतं. ती बाकावर आली की ते गप्प होऊन मॅडमकडे बघायचे, जणू मॅडमनी तिला कसली शिक्षा केली आहे.

सामना शेवटपर्यंत अटीतटीचा झाला. असं आमच्या बाबतीत घडत नसल्यामुळे कुणाला काय करावं ते सुचत नव्हतं. मॅडमचे मागून घ्यायचे टाइम-आउट संपलेले होते. अखेरच्या मिनिटात, आम्ही एका गुणानं मागे असताना, रमीलानं दोघींच्या मधून उडी घेऊन बॉल टाकला आणि आम्ही एका गुणानं पुढे गेलो. पाड्यावरचे लोक उभे राहिले. मीही उभा राहिलो, लाकडाच्या पायांवर. बॉल त्यांच्याकडे होता, आणि आमच्या मुली त्यांना आत शिरू देत नव्हत्या. काही क्षण तग धरायचा होता, बस्स. मॅडमचा एक सामना.

तेवढ्यात रमीलानं मांडीवरून हात फिरवला. एकदाच. मला ते दिसलंही नसतं; मॅडम शेजारी ताठ झाल्या म्हणून मी तिकडे पाहिलं. रमीला पळत होती, पण अर्ध्या पावलानं मागे.

"बदली!" मॅडम ओरडल्या. टेबलावरच्या माणसानं मान हलवली. बॉल चालू होता. मॅडमनी पंचांकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, रमीलाकडे पाहिलं. आणि मग ओरडल्या, "निकिता, फाउल कर!"

निकिताला वाटलं, चुकीचं ऐकलं. पुढे असलेला संघ मुद्दाम फाउल करत नाही, एवढं मलाही कळतं. "मॅडम, आपण पुढे हाव!" ती धावता धावता ओरडली.

"धर तिला! धर म्हणते ना!"

समोरची पोरगी धिप्पाड होती. निकितानं तिला दोन्ही हातांनी कवळ घातली. शिट्टी झाली. मॅडम तोवर रेषेपर्यंत पोचल्या होत्या. त्यांनी रमीलाला दंडाला धरून बाकावर आणलं, बसवलं, पाण्याचा तांब्या तिच्या तोंडाला लावला आणि स्वतः खाली बसून तिची मांडी दाबायला लागल्या.

"घाम पुसला मी!" रमीला रडत ओरडत होती. "घाम पुसला मॅडम! मला काय नाय झालं, मी सांगते ना!"

"पहिल्यांदा तू सांगितलंस तेव्हा मी ऐकलं नाही," मॅडम म्हणाल्या. "आता तू काहीही सांग, मी ऐकणार नाही. पाणी पी."

आमच्या फाउलांची मर्यादा आधीच भरली होती, त्यामुळे त्यांना दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही आत गेले. मॅडमनी या वेळी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. उरलेल्या क्षणांत हेतलनं लांबून बॉल टाकला, तो कड्यावर आपटून बाहेर आला. आम्ही एका गुणानं हरलो. पाड्यावरचे लोक निघून जाताना मॅडमसमोरून गेले, टेम्पोकडे बघत.

परतीच्या एसटीत रमीला सगळ्यांत मागे जाऊन बसली. मॅडम पुढे, माझ्या शेजारी. उधव्यापर्यंत त्या दर थोड्या वेळानं मान वळवून मागे बघत होत्या. मी संशयी माणूस आहे. न राहवून मी विचारलं, "मॅडम, खरंच गरज होती का हो? तिला खरोखर काही होत होतं का?"

"मला काय माहीत?"

"पण तुम्ही मांडी दाबून पाहिलीत ना?"

"दाबली, सर, पण बघत होते तिचे ओठ. मऊ लागली का कडक, काही कळलं नाही." त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. "आणि माहीत करून घ्यायचं नव्हतं, म्हणून तर बाहेर काढली."

मूल्यमापन समितीची शेवटची बैठक झाली. जिंकलेला सामना प्रशिक्षिकेनं स्वतः आदेश देऊन घालवला, असा तोंडी तक्रारीचा सूर व्यवस्थापनापर्यंत गेला होता. प्राचार्यांनी चष्मा पुसला, गुलाबपुष्पं झाली. मग ते म्हणाले, "हा विषय सखोल आहे. पुढच्या वर्षीच्या समितीकडे पाठवू." त्या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मॅडमकडेही नाही. मी अहवालात 'विषय सखोल असल्यानं' असं टाइप केलं. माझ्या हातून टाइप झालेलं ते सगळ्यांत प्रामाणिक सरकारी वाक्य असेल.

मॅडमचा निरोप समारंभ थाटात झाला. मानपत्रात त्यांना 'क्रीडातपस्विनी' म्हटलं होतं. ते वाचलं जात असताना मॅडम मान वळवून मांडवात कुणाला तरी शोधत होत्या. संघातल्या मुली पहिल्या रांगेत होत्या. निकिता हुंदके देत होती. जुळ्या बहिणी एकमेकींच्या रुमालात. रमीला नव्हती. तलासरीच्या सामन्यापासून ती सरावाला येत होती, सांगितलं तेवढं खेळत होती, सांगितलं की बसत होती, पण मॅडमशी एक शब्द बोललेली नव्हती.

समारंभ संपल्यावर मॅडम शाल काखोटीला मारून फाटकाकडे निघाल्या. मी त्यांचे हार घेऊन मागे. फाटकाशी रमीला उभी होती. मॅडम थांबल्या.

"आपण जिंकत होतो, मॅडम," रमीला म्हणाली.

"हो."

"माझा पाडा बगत होता."

"माहीत आहे."

"मला काय झालं नसतं."

"नसतंही झालं."

रमीलानं खाली पाहिलं. तिला भांडण हवं होतं, आणि मॅडम भांडत नव्हत्या.

"राग आहे ना माझ्यावर?" मॅडमनी विचारलं.

"हाय."

मॅडमनी पुढे होऊन तिच्या गालावरून हात फिरवला. "असू दे, बाय," त्या म्हणाल्या. "पुष्कळ वर्षं असू दे."